काच वर गेली, कारण कळलं का?

गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच खाली गेली आणि बटण दाबूनही वर येईना. गॅरेजमध्ये दाराचं पॅड उघडलं, मोटर बदलली, पॅड पुन्हा बसवलं, बटण दाबलं आणि काच सरसर वर गेली. निकाल झाला: मोटर गेली होती. गावोगावच्या गॅरेजांत असे निकाल रोज दिले जातात आणि देणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही खोट नसते. तरीही या निकालात एक उडी आहे. काच वर गेली हे फळ डोळ्यांसमोर आहे. मोटरच दोषी होती हे मात्र त्या फळावरून काढलेलं अनुमान आहे. फळ मिळालं एवढ्यावरून कारण कळलं असं म्हणता येतं का? ताप उतरला म्हणून औषध लागू पडलं, मूल झालं म्हणून नवस पावला, संकट टळलं म्हणून अनुष्ठान फळलं, हे सगळे निकाल याच घडणीचे आहेत. धर्माच्या प्रांतात हा प्रश्न विचारला की माणसं लगेच दोन तट करून उभी राहतात. म्हणून तो आधी जिथे कुणाची श्रद्धा पणाला लागलेली नाही आणि झाकण उघडून आत पाहता येतं, अशा ठिकाणी विचारावा. माझं म्हणणं असं आहे की फळ ज्ञानाची साक्ष देऊ शकतं, पण तेच फळ दुसऱ्या एखाद्या कारणानेही आलं असतं ही शक्यता आधी बंद केलेली असेल तरच. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने ही अट मोठ्या कष्टाने घडवली. स्वतःच्या एका फार महत्त्वाच्या अनुमानाला मात्र ती पुरती लावली नाही.

आधी यंत्र पाहू. दाराच्या आत बारा व्होल्टवर चालणारी एक लहान डीसी मोटर असते आणि साध्या रचनेत तिला दोनच वायरी असतात. एका वायरीला बॅटरीचा प्लस आणि दुसरीला अर्थ मिळाला की काच वर जाते. उलट केलं की खाली. हे उलटसुलट करण्याचं काम बटणाच्या आतले काँटॅक्ट करतात. बटण दाबलेलं नसतं तेव्हा दोन्ही वायरी अर्थला टेकलेल्या असतात. दाबलं की त्यांतली एक अर्थवरून उचलून प्लसला जोडली जाते, दुसरी अर्थवरच राहते. मागच्या दाराच्या बाबतीत अनेक गाड्यांत आणखी एक गंमत असते. तिथल्या मोटरची अर्थकडे जाणारी वाट मागच्या दारातच संपत नाही. ती मागच्या बटणातून निघून चालकाच्या दारातल्या मुख्य बटणांच्या पट्टीपर्यंत जाते आणि तिथल्या काँटॅक्टमधून अर्थला मिळते. म्हणजे मागच्या डाव्या दारात मोटर धडधाकट, बटण धडधाकट, वायर धडधाकट असूनही काच एका दिशेने हलणार नाही, कारण दोष दोन हात लांब, चालकाच्या कोपराखालच्या एका काळवंडलेल्या काँटॅक्टमध्ये आहे. मोटरमध्ये पुष्कळदा एक उष्णतारक्षकही असतो. मोटर अडून तापली की तो वीज तोडतो आणि थंड झाल्यावर आपोआप जोडतो. दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची एक नळी असते; तिच्यातून वायरींचा जुडगा जातो आणि दार उघडताना-मिटताना दर खेपेला वाकतो. वर्षानुवर्षं वाकून त्यातली तांब्याची तार आतल्या आत तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं.

आता मोटर बदलताना प्रत्यक्षात काय काय घडतं ते जवळून पाहू. दार सताड उघडलं जातं, त्यामुळे रबरी नळीतला जुडगा ताणला जातो आणि तुटलेली टोकं कदाचित पुन्हा टेकतात. बटणाचा कनेक्टर ओढून काढला जातो आणि परत दाबून बसवला जातो. या ओढाताणीत पिनांवरचा हिरवा गंज खरवडला जातो. मोटरचा कनेक्टरही तसाच निघतो आणि बसतो. काच हाताने धरून वर-खाली केली जाते, तेव्हा रबराच्या खाचेत साचलेली पावसाळ्यातली माती सुटते. दरम्यान अर्धा तास गेलेला असतो आणि तापलेला रक्षक थंड झालेला असतो. कुणी नीट पाहावं म्हणून मधूनच दहादा बटण दाबलेलं असतं, त्यात मुख्य पट्टीतला काँटॅक्टही घासला जातो. यांतली कोणतीही एक गोष्ट काच वर न्यायला पुरेशी आहे, आणि मोटर बदलणं ही त्यांच्यासोबत घडलेली आणखी एक गोष्ट. ती सगळ्यांत ठळक, सगळ्यांत महाग आणि बिलावर लिहिली जाणारी असल्यामुळे मानही तिलाच मिळतो.

न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, अशा फसव्या कारणाला नाव दिलं आहे: अन्यथासिद्ध. कार्याच्या आधी नियमाने असणं ही कारणाची एक अट झाली; पण तेवढ्याने कारणत्व सिद्ध होत नाही. जे आधी हजर होतं, पण ज्याच्यावाचूनही कार्य इतर गोष्टींनी पुरतं घडून आलं असतं, ते अन्यथासिद्ध. सतराव्या शतकातल्या विश्वनाथांच्या ग्रंथात त्याचे पाच प्रकार येतात आणि त्यातलं गाढवाचं उदाहरण आजही शिकवलं जातं. कुंभाराकडे माती गाढवावरून आली, घडा तयार झाला. म्हणून गाढव हे घड्याचं कारण ठरत नाही. गाढव त्या घड्याच्या आधी खरोखरच तिथे होतं, त्याच्या हजेरीविषयी वाद नाही. माती दुसऱ्या कुठल्या रीतीने आली असती तरी घडा झाला असता, एवढंच त्याला कारणांच्या यादीतून बाहेर काढायला पुरतं. नवी मोटर अशी असू शकते. आहे की नाही, हे काच वर गेल्याने ठरत नाही.

यात वात्स्यायनांच्या भाष्याची अडचण कुठे येते ते पाहण्यासारखं आहे. ‘न्यायसूत्रां’वरच्या आपल्या भाष्याची सुरुवातच ते या मुद्द्यापासून करतात: प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या खऱ्या साधनाने, वस्तू कळली की त्या आधारावर केलेली कृती फळाला येते, आणि म्हणून प्रमाण हे सार्थ आहे. मीमांसादर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे मीमांसकांना, हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते ज्ञान आपल्या पायावर उभं असतं. त्याला खोडणारं दुसरं ज्ञान आलं किंवा ज्या साधनाने ते झालं त्यात दोष सापडला, तरच ते सोडायचं. नैयायिकांनी उलट बाजू घेतली: ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून, मुख्यतः कृतीच्या यशावरून कळतं. तहान लागली, समोर पाणी दिसलं, जाऊन प्यायलो, तहान भागली. ते पाणीच होतं, मृगजळ नव्हतं. हा विचार मला मुळात बरोबर वाटतो. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर नुसतं तोंडाने ‘मोटरच गेलीय’ म्हणणाऱ्यापेक्षा हात लावून काच वर नेणाऱ्याचं म्हणणं अधिक विश्वासाचं. पण तहानेच्या उदाहरणात एक सोय दडलेली आहे. मृगजळाने तहान भागत नाही. तिथे चुकीच्या ज्ञानाला यश मिळण्याची वाटच बंद आहे, म्हणून यश आलं की ज्ञान खरं ठरतं. चुकीच्या ज्ञानालाही यशाची वाट जिथे मोकळी आहे, तिथे काय?

बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी ही वाट स्पष्ट दाखवली. दोन माणसं दुरून उजेड पाहतात आणि दोघंही रत्न समजून धावतात. एकाने पाहिलेली रत्नाची प्रभा असते, दुसऱ्याने दिव्याची. प्रभा म्हणजे रत्न नव्हे, म्हणून दोघांचंही ज्ञान चुकलेलंच. पण पहिल्याला रत्न मिळतं. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षांनी आणखी बोचरं उदाहरण घेतलं. मुठीत कवड्या किती, असं विचारल्यावर कुणी नुसत्या अंदाजाने पाच म्हणतो, मूठ उघडते आणि पाचच निघतात. म्हणणं खरं ठरलं, पण त्याला माहीत होतं असं कोण म्हणेल? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात १९६३ साली एडमंड गेटियर यांच्या अवघ्या तीन पानांच्या लेखाने हीच अडचण नव्याने उभी केली आणि तिच्यावरचा वाद अजून थांबलेला नाही. मोटर बदलून काच वर नेणारा माणूस कधी प्रभेमागे धावून रत्न मिळवणारा असतो, कधी कवड्या मोजल्याशिवाय पाच म्हणणारा. तो बरोबर असू शकतो. तो बरोबर आहे हे त्याला कळलेलं नसतं.

मग कळायला काय करावं लागतं? काढलेली जुनी मोटर टेबलावर ठेवायची आणि तिच्या दोन टोकांना थेट बॅटरीचा प्लस आणि अर्थ द्यायचा. ती दोन्ही दिशांनी जोमाने फिरली, तर तिच्यावरचा आरोप बहुतेक फिटला. फिरली नाही, तर आरोप पुष्कळ पक्का झाला. बाहेर बिनभाराची फिरते आणि दारात काचेचं ओझं आल्यावर दम सोडते, असंही होतं, म्हणून भारावरही पाहायचं. सर्वांत निर्णायक चाचणी म्हणजे दुरुस्त झालेल्या दारात जुनीच मोटर परत जोडणं: दोष परत आला आणि नवी लावल्यावर पुन्हा गेला, तर मोटर दोषी. ‘हे असलं की ते असतं’ हा अन्वय आणि ‘हे नसलं की ते नसतं’ हा व्यतिरेक, अशा दोन्ही बाजू इथे हातात येतात. फळ मिळवणं सोपं असतं. फळ हवं तेव्हा घालवून पुन्हा आणता येणं ही खरी साक्ष. यात थोडा जास्त वेळ जातो, आणि तो बहुतेक ठिकाणी कुणी देत नाही.

साधनाने दाखवलेला आकडाही किती फसवा असू शकतो, ते याच दारात दिसतं. मोटरचा कनेक्टर काढून त्याच्या पिनांवर डिजिटल मल्टिमीटर लावला, बटण दाबलं, मीटरने बारा व्होल्ट दाखवले. सहज अनुमान होतं: वीज इथवर नीट पोहोचते, म्हणून वायरिंग ठीक, म्हणून मोटर खराब. पण बहुतेक डिजिटल मीटरचा स्वतःचा अंतर्गत रोध साधारण एक कोटी ओहम असतो. तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. समजा रबरी नळीत तुटलेल्या तारेची गंजलेली टोकं जेमतेम टेकलेली आहेत आणि तिथे वीस ओहमचा अडथळा तयार झाला आहे. मीटरला तो जाणवतही नाही, आकडा बाराचाच राहतो. त्याच जोडामागे एखाद्या ओहमची मोटर लावली की बारा व्होल्टमधले साडेअकराच्या आसपास त्या गंजातच खर्च होतात आणि मोटरला जेमतेम अर्धा व्होल्ट उरतो. म्हणजे बाराचा आकडा धडधाकट वायरीतही दिसतो आणि तुटक्या वायरीतही दिसतो. साध्य असतं तिथेही सापडणारा आणि नसतं तिथेही सापडणारा हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार, म्हणजे हेतूचा नुसता आभास. जुने इलेक्ट्रिशियन मीटरऐवजी इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब दोन वायरींना जोडून पिनांवर धरतात. बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो. जोड कमकुवत असेल तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. बल्ब आकडा सांगत नाही, पण धडधाकट आणि तुटकी यांतला फरक दाखवतो, आणि इथे प्रश्न फरकाचाच आहे.

यावर पहिला आक्षेप साध्या व्यवहारातून येतो, आणि तो हलका नाही. गाडीच्या मालकाला काच वर हवी आहे, ज्ञानमीमांसा नको. पाऊस आत येतोय. काच वर गेली, प्रश्न मिटला. कोणत्या कारणाने गेली याची उठाठेव कशाला? या आक्षेपाला तर शास्त्राचाही आधार देता येईल. विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या ध्यानदीपात हाच रत्नप्रभेचा दाखला घेऊन संवादी भ्रमाची बाजू मांडली आहे: भ्रम असूनही फळापर्यंत नेणारा भ्रम असतो, आणि उपासना ही तशी असू शकते. मग मेकॅनिकच्या संवादी भ्रमाला का हटकायचं? पण विद्यारण्य त्या भ्रमाला ज्ञान म्हणत नाहीत. त्यांची उपासना साधकाला अखेर ज्ञानाच्या दारी नेते, म्हणून ती त्यांना मान्य आहे. मेकॅनिकच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. फळ मिळालं की त्याचा शोध थांबतो, आणि जे चुकून बरोबर निघालं त्याचा नियम बनतो. ‘या मॉडेलच्या मोटरी लवकर जातात’ ही समजूत अशाच पाच-सहा यशांतून तयार होते, हाताखालच्या पोरांना शिकवली जाते आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बिलात उतरते. अपयशाने उघडी पडणारी चूक आपण दुरुस्त करतो. यश मिळवून बसलेली चूक कुणी तपासायला जात नाही, आणि माझ्या मते ज्ञानाची जास्त हानी तीच करते. शिवाय गंजलेला जोड तिथेच असतो. पुढच्या श्रावणात काच पुन्हा खाली.

दुसरा आक्षेप टोकाचा आहे. चार्वाकाने व्याप्तीवरच, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या कायमच्या संगतीवरच, प्रश्न उभा केला होता: धूर तिथे अग्नी, हे तुम्ही सगळ्या काळातल्या सगळ्या ठिकाणी जाऊन पाहिलं आहे काय? तसंच इथेही म्हणता येईल. जुनी मोटर परत लावली आणि दोष परत आला, हाही योगायोग असेल. तीनदा केलं तरी योगायोग असेल. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी यावर दिलेलं उत्तर मला अजून टिकाऊ वाटतं. शंका जिथवर आपल्याच कृतीशी विसंगत होत नाही तिथवरच खरी असते. धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवायला उठतो, त्याची अग्नी आणि धूर यांच्या संबंधाविषयीची शंका तोंडापुरतीच राहते. श्रीहर्षांनी हे उत्तर त्यांच्यावरच उलटवलं: विसंगती दाखवायची तर विरोधाचा नियम आधी ठाऊक हवा, आणि तो नियम म्हणजे पुन्हा व्याप्तीच, मग शंका राहिलीच. मिथिलेच्या गंगेशांनी उदयनांची बाजू पुन्हा नीट मांडली. मला यातून एक कामाची कसोटी मिळते. ‘दुसरं काही कारण असेल’ एवढंच म्हणणारी शंका गॅरेजमध्येही निरुपयोगी आणि तत्त्वज्ञानातही. ‘कदाचित कनेक्टर पुन्हा बसवल्याने चाललं असेल’ ही शंका मात्र दुसऱ्या कारणाचं नाव घेते, म्हणून तिची चाचणी होऊ शकते: जुन्याच मोटरचा कनेक्टर नुसता काढून बसवा आणि पाहा. नाव घेणाऱ्या सगळ्या शंका संपल्या की जे उरतं त्याला ज्ञान म्हणायला हरकत नाही. बिननावाच्या शंकेसाठी थांबून राहण्याचं कर्तव्य कुणावर नाही.

मीमांसकांचा अनवस्थेचा आक्षेप याच्याच शेजारचा. एक ज्ञान दुसऱ्याने तपासायचं, तर ते दुसरं तिसऱ्याने, आणि याला अंत नाही. मीटर तपासायला दुसरा मीटर लागेल. प्रत्यक्षात चांगला इलेक्ट्रिशियन आपला बल्ब आधी बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवून पेटतो का ते पाहतो, आणि मग दाराकडे वळतो. त्याचे पुरावे एकाच जातीचे नसतात. बटण दाबलं की आतून खट् असा आवाज आला का, मोटर गुणगुणते पण काच जागची हलत नाही का, की काहीच ऐकू येत नाही. बटण दाबताना छताचा दिवा किंचित मंद होतो का, म्हणजे करंट तर जातोय, मोटर अडली आहे. कान, डोळा, बल्ब आणि मीटर हे एकमेकांवर उभे नाहीत. चौघंही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर साखळी अनंत लांबवावी लागत नाही. नव्या गाड्यांत संगणकाचं मॉड्यूल ‘मोटर सर्किटमध्ये दोष’ असा कोड देतं. ते आप्तवाक्य, म्हणजे भरवशाच्या जाणकाराचं वचन, म्हणून ऐकावं, पण त्या आप्ताला सर्किटच माहीत असतं, त्यातली गंजलेली पिन माहीत नसते.

आता धर्माकडे येतो, कारण खरं बोलायचं आहे ते तिथलं. ‘न्यायसूत्रां’च्या दुसऱ्या अध्यायात वेदाच्या प्रामाण्यावर एक आक्षेप मांडलेला आहे: पुत्रकामेष्टी केली तरी पुत्र होत नाही असं दिसतं, म्हणजे वेदाचं म्हणणं खोटं ठरलं. सूत्रकारांचं उत्तर असं की दोष वचनात नसून कर्मात, कर्त्यात किंवा साधनात असू शकतो. हे उत्तर गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं. मोटर बदलली तरी काच हलेना, तर ‘नवी मोटरच खराब निघाली’ असं म्हणतात. हे कधीकधी खरंही असतं. पण ते खरं आहे हे कसं कळतं? नवी मोटर थेट बॅटरीवर लावून. ती फिरली तर ही सबब तिथेच संपते आणि निदान चुकलं असं कबूल करावं लागतं. म्हणजे साधनातला दोष हे उत्तर तेव्हाच उत्तर ठरतं, जेव्हा तो दोष फळापासून वेगळा, स्वतंत्रपणे दाखवता येतो. यज्ञाच्या बाबतीत हे कसं करायचं? पुत्र न झाल्यावरच विधीत काहीतरी वैगुण्य राहिलं असं म्हणायचं आणि झाला तर विधी यथासांग झाला असं म्हणायचं, तर वैगुण्याचा पुरावा म्हणजे निष्फळता आणि निष्फळतेचं कारण वैगुण्य, असं चक्र होतं. नैयायिकांना हा दोष अनोळखी नव्हता. चक्रक आणि अन्योन्याश्रय ही त्यांच्याच शब्दकोशातली नावं. मंत्रोच्चार चुकला किंवा द्रव्य अशुद्ध होतं, असं फळ कळायच्या आधी कुणी तपासून नोंदलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

त्याच अध्यायात पुढे वेदाच्या प्रामाण्यासाठी एक उपमा येते: मंत्र आणि आयुर्वेद जसे प्रमाण, तसा वेदही प्रमाण, कारण सांगणारे आप्त आहेत. विषबाधेवर मंत्र आणि रोगावर आयुर्वेद यांचं फळ दिसतं. म्हणून त्याच आप्तांनी जे न दिसणारं सांगितलं तेही मानावं. हे अनुमान प्रामाणिक आहे, कारण ते नुसती श्रद्धा मागत नाही, पुरावा देऊ पाहतं. दिसणाऱ्या यशावरून न दिसणाऱ्याकडे जाण्याची ही त्यांची वाट. पण या वाटेचा पहिला दगडच आपल्या प्रश्नाचा आहे. बहुतेक ताप औषधाविनाही उतरतात. सापाच्या दंशांपैकी पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष आत जातंच असं नाही. म्हणजे मंत्रानंतर माणूस वाचला, यात मंत्र हा गाढवासारखा अन्यथासिद्ध असू शकतो. आहेच, असं मी म्हणत नाही. नाही, हे दाखवायची जबाबदारी उपमा देणाऱ्यावर होती, आणि अन्यथासिद्धीची एवढी बारीक छाननी करणाऱ्या परंपरेने ती इथे पुरी केलेली मला दिसत नाही. विश्वनाथांच्या काळापर्यंत हत्यार तयार होतं. ते या ठिकाणी चालवलं गेलं नाही.

मराठी वाचकाला हे हत्यार परकं वाटू नये. नवसाने मुलंबाळं होत असतील तर नवऱ्याची गरजच काय, असा तुकोबांचा प्रश्न इथे प्रत्येकाच्या कानावरून गेलेला असतो. तो थट्टेसाठी सांगितला जातो, पण त्याची बांधणी अगदी नैयायिकाची आहे. नवसाशिवायही जे पुरतं घडतं आणि नुसत्या नवसाने जे घडत नाही, त्याच्या कारणांत नवस बसत नाही. एका ओळीत अन्वयही तपासला आणि व्यतिरेकही. तुकोबा देवभक्त होते म्हणूनच मला हे महत्त्वाचं वाटतं. देवाची बाजू घेऊन त्यांनी खोट्या साक्षी काढून टाकल्या.

भाविक माणूस यावर म्हणेल की देवाची कृपा म्हणजे बारा व्होल्टची मोटर नव्हे; कृपेची परीक्षा घ्यायला जाणं हाच अपराध, आणि परीक्षा घेणाऱ्याला ती मिळणारच नाही. हे म्हणणं मी आदराने ऐकतो आणि ते सुसंगतही आहे. पण मग फळाची साक्षही मागे घ्यावी लागते. ‘मला अनुभव आला, माझं काम झालं’ असं सांगून दुसऱ्याला पटवायचं, आणि त्याने चार प्रश्न विचारले की हे परीक्षेच्या पलीकडचं आहे म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र करता येत नाहीत. परीक्षेपलीकडची श्रद्धा ठेवणारा माणूस या लेखातल्या युक्तिवादाच्या बाहेर आहे. त्याच्या प्रार्थनेला कुठलाही मीटर लावायचं कारण नाही, आणि बरं झाल्यावर त्याने देवाचे आभार मानावेत यातही मला काही वावगं दिसत नाही. आभार मानायला कारणाची सिद्धता लागत नाही. उलट बाजूच्या माणसालाही हीच शिस्त लागू. एक नवस फळला नाही म्हणून देव नाही, हे अनुमान एक मोटर चालली नाही म्हणून सगळी वीजच खोटी, अशा जातीचं आहे.

सगळ्यांत कठीण जागा उरते ती मधूनच येणाऱ्या दोषाची. काच सकाळी अडते, दुपारी गॅरेजमध्ये नेली की निमूट चालते. दोष समोर नाही, म्हणून घालवून परत आणण्याची चाचणी होत नाही. बटण दाबून धरलेलं असताना दार हळूहळू उघडावं-मिटावं, नळीतला जुडगा हाताने हलवावा, आतून दारावर मोटरपाशी हलकी थाप मारून झिजलेले कार्बन टेकतात का पाहावं. यातून पुष्कळदा दोष पकडला जातो. नाही पकडला गेला, तर संशय हा संशय म्हणूनच सांगावा लागतो: मला अमुक ठिकाणी शंका आहे, मी ते साफ केलं आहे, चाललं तर तेच होतं असं समजू नका, पुन्हा अडली तर लगेच आणा. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशय आणि निर्णय यांना वेगवेगळ्या जागा आहेत. माणसाच्या आयुष्यातले बहुतेक धार्मिक अनुभव या मधूनच येणाऱ्या दोषासारखे आहेत: एकदाच घडणारे, परत आणता न येणारे, आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा आजारी पाडून तपासता न येणारे. त्यांच्याविषयी कोणत्या शब्दांत बोलावं, याचं उत्तर परंपरेला इतर कुणाकडे मागायला जावं लागत नव्हतं. तिच्या सोळांच्या यादीत संशयाचा क्रमांक तिसरा आहे, निर्णय फार पुढे नववा येतो.